घोडवेल

घोडवेल ही शिंबावंत कुलातील, म्हणजे वाटाणा-पावट्याच्या गोतातली बहुवर्षायू रानवेल आहे. शास्त्रीय नाव प्युरेरिया ट्यूबरोझा. भुईकोहळा आणि विदारीकंद ही तिचीच नावे. सातारा-सांगलीच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात, पानझडी रानात आणि रान विरळ झालेल्या उतारांवर ती झाडांना वेढे घालत वर चढते. घोडे तिचा पाला आवडीने खातात, म्हणून घोडवेल. संस्कृतातले ‘गजवाजिप्रिया’ हे नावही तेच सांगते.

पानाला पळसासारखी तीन दले असतात, त्यामुळे नवखा माणूस फसतो. पण पळस हे झाड, ही वेल. पानगळीच्या दिवसांत, वेल जवळजवळ उघडी पडलेली असताना, जांभळट निळ्या फुलांचे लांब तुरे लोंबतात. घोडवेल बघावी ती तेव्हाच. पुढे चपट्या शेंगा धरतात. प्रत्येक दोन बियांच्या मध्ये शेंग आवळलेली असते आणि अंगावर तांबूस राठ केस असतात. हाताळली की ते बोटांना लागतात.

वेलीचा जीव जमिनीखाली आहे. कंद वर्षानुवर्षे पोसत जातो. बाहेरून तपकिरी, आत पांढरा, पिठूळ आणि चवीला गोडसर. रानडुकरे असे कंद उकरून खातात. आयुर्वेदात तो बल्य मानला असून च्यवनप्राशाच्या घटकांत विदारी येते. बाजारात मात्र विदारी म्हणून दुसऱ्याच वेलीचा कंदही विकला जातो. ती क्षीरविदारी, रताळ्याच्या गोतातली, हाताच्या पंजासारख्या पानांची आणि नरसाळ्यासारख्या फुलांची. वाळलेल्या चकत्यांवरून खात्रीने ओळख पटवू नये. पान किंवा शेंग पाहावी.

घोडवेलीचीच सख्खी जातभाई कुडझू १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातून अमेरिकेत पोचली आणि तिथल्या रानांवर पांघरुणासारखी पसरली. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. इथे औषधासाठी मुळाशी घाव बसतो, आणि कंद सगळा काढला की तिथली वेल संपली. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथे परवानगीवाचून कंद खणायला मनाई आहे. बाहेरच्या रानात खणणाऱ्याने निदान शेंगा तडकून बी जमिनीवर पडेपर्यंत तरी थांबावे.