चावी बिशपच्या हाती

कॅथोलिक चर्चच्या प्रत्येक धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपच्या (वरिष्ठ धर्मगुरूच्या) अखत्यारीतल्या प्रदेशात, एक गुप्त दप्तर असतं. त्याची चावी फक्त बिशपकडे असावी, असं १९८३च्या चर्च-कायद्याचं कलम ४९० सांगतं. कलम ४८९ तर आणखी पुढे जातं: नीतिविषयक गुन्ह्यातला आरोपी वारला किंवा शिक्षेला दहा वर्षं उलटली, की त्या प्रकरणाचे कागद नष्ट करायचे, छोटं टिपण आणि निकाल एवढंच उरतं. मुलांवरचे लैंगिक अत्याचार इतकी वर्षं दडपले कसे गेले, हे समजून घ्यायचं तर या कपाटापासूनच सुरुवात करायला हवी.

तक्रारी होत होत्या. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात एका फादरला वीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी फादर थॉमस डॉयल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बिशपांना लेखी सावध केलं. त्याची दखल घेतली गेली नाही. तक्रार आली की फादरची बदली व्हायची आणि नव्या धर्मग्रामातल्या (स्थानिक चर्चच्या वस्तीतल्या) आईबापांना कुणी काहीच सांगायचं नाही. मला यातली हीच गोष्ट सर्वांत क्रूर वाटते.

बॉस्टनमधलं कपाट उघडलं ते न्यायालयाने. 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाच्या अर्जावरून फादर जॉन गेगन यांच्या अत्याचार-प्रकरणातली सीलबंद कागदपत्रं खुली झाली. गेगनविरुद्ध १३०हून अधिक जणांनी तक्रार केल्याची बातमी जानेवारी २००२ मध्ये छापून आली. डिसेंबरात बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी राजीनामा दिला. दोनच वर्षांत त्यांना रोमच्या सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकाचं प्रमुखपद मिळालं. पीडितांच्या जखमेवर मीठच ते.

पुढे आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, चिली अशी एकेका देशातली प्रकरणं बाहेर आली. जर्मनीत २०१८च्या अभ्यासाला चर्चच्या फायलींत ३,६७७ पीडित सापडले; काही धर्मप्रांतांत फायली फाडल्याच्या, बदलल्याच्या खुणाही दिसल्या. फ्रान्सच्या आयोगाने फायलींवर न थांबता थेट लोकांना विचारलं. २०२१ मध्ये आलेला अंदाज होता, १९५० पासून धर्मगुरू व धर्मसंघीयांकडून (व्रतस्थ संघांच्या सदस्यांकडून) सुमारे २,१६,००० मुलांवर अत्याचार.

पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये तक्रार वरिष्ठांकडे नोंदवणं धर्मगुरूंना बंधनकारक केलं. त्याच डिसेंबरात अशा प्रकरणांवरची 'पोपची गोपनीयता', म्हणजे चर्चमधली कडक गुप्ततेची सक्ती, उठवली. २०२१ मध्ये शिक्षेची कलमं नव्याने लिहिली गेली. कागद नष्ट करण्याचं कलम कायद्याच्या वेगळ्या भागात आहे. त्या सुधारणेत त्याला हात लागला नाही.