रोटाव्हायरसजन्य अतिसार

रोटाव्हायरस या विषाणूमुळे लहान मुलांच्या लहान आतड्याला होणारा तीव्र संसर्ग. उलट्या, ताप आणि पाण्यासारखे जुलाब ही त्याची मुख्य लक्षणे होत. मूल कोणत्याही देशातले वा आर्थिक स्तरातले असो, पाच वर्षांचे होईपर्यंत त्याला हा संसर्ग बहुधा एकदा तरी होऊन जातो; मात्र ६ महिने ते २ वर्षे या वयात तो सर्वांत तीव्र असतो. लस सर्वत्र पोहोचण्यापूर्वी भारतात या विषाणूमुळे दरवर्षी सुमारे ७८,००० बालके दगावत असल्याचा अंदाज होता, आणि जुलाबांमुळे रुग्णालयात दाखल कराव्या लागणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांत हाच विषाणू सापडत असे.

नागपुरात हगवण म्हटली की पावसाळा, गढूळ पाणी आणि उघड्यावरचे खाणे आठवते. मोठ्यांच्या बऱ्याचशा पोटविकारांबाबत ते खरेही आहे. रोटाव्हायरस मात्र उत्तर व मध्य भारतात मुख्यतः थंड, कोरड्या महिन्यांत, साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारीत, जोर धरतो. कडाक्याच्या थंडीत तान्ह्या बाळाला अचानक उलट्या-जुलाब सुरू झाले की घरात ‘दात येताहेत’ असे निदान होते. या समजुतीचे मूळ वयाच्या योगायोगात आहे : पहिला दात येण्याचा काळ आणि आईकडून मिळालेले संरक्षण ओसरून हा विषाणू बाधण्याचा काळ जवळपास एकच असतो. दात आल्याने इतके जुलाब होत नाहीत; पण या समजापायी उपचाराचा पहिला दिवस वाया जातो, आणि या आजारात पहिला दिवस फार मोलाचा असतो.

हा विषाणू १९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी, जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना, प्रथम ओळखला. तो चाकासारखा दिसतो म्हणून ‘चाक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळाले. त्याचा जनुकीय साठा दुपदरी आरएनएच्या ११ तुकड्यांचा असून त्याभोवती प्रथिनांची तिहेरी कवचे असतात. शरीरात शिरल्यावर सुमारे दोन दिवसांत तो लहान आतड्यातील केसाळ उंचवट्यांच्या टोकांवरील पक्व पेशी नष्ट करतो. त्यामुळे पाणी, क्षार व दुधातील साखर नीट शोषली जात नाही. शिवाय त्याचे एक प्रथिन विषासारखे काम करून आतड्यात पाणी ओतायला लावते. जुलाब ३ ते ८ दिवस चालतात. मूल दगावते ते विषाणूपेक्षा या पाण्याच्या ऱ्हासाने.

रोगी मुलाच्या एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू असतात, तर संसर्गाला शंभराहून कमीही पुरतात. ते हातांवर काही तास, खेळण्यांवर व फरशीवर काही दिवस टिकतात. म्हणूनच केवळ शुद्ध पाणीपुरवठ्याने हा आजार आटोक्यात येत नाही. नळाला शुद्ध पाणी असलेल्या श्रीमंत देशांतही तो घरोघरी होत असे. बाळाची शी काढल्यावर साबणाने हात धुणे, पाणी उकळणे आणि पहिले सहा महिने केवळ स्तनपान यांचे मोल यामुळे कमी होत नाही, एवढेच की ते पुरेसे नाही.

प्रतिजैविके या विषाणूवर निरुपयोगी आहेत. खरा उपचार म्हणजे जलसंजीवनी, अर्थात ओआरएस. पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात संपूर्ण विरघळवायची असते. गंजात अंदाजाने पाणी घेणे किंवा पेल्यात चिमूटभर टाकणे चुकीचे, कारण प्रमाण बिघडल्यास तोटा होतो. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. संत्र्यांच्या शहरात हिवाळ्यात रसाचा मोह होतो, पण गोड रस व शीतपेये जुलाब वाढवू शकतात. स्तनपान व नेहमीचा आहार बंद करू नये. जस्ताची मात्रा १४ दिवस द्यावी : सहा महिन्यांखालील बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यावरील मुलाला २० मिलिग्रॅम. डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, डोक्यावरची टाळू आत ओढली जाणे, चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत होणे, ही शुष्कतेची चिन्हे होत. मूल सुस्त पडले किंवा पिऊ शकत नसले तर शिरेतून द्रव देण्यासाठी ताबडतोब रुग्णालय गाठावे. नागपुरात ‘मेडिकल’ व ‘मेयो’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या शासकीय रुग्णालयांत विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेशातील बालकेही येतात. दूरवरून येणाऱ्या मुलाला वाटेतही जलसंजीवनी पाजत राहणे आवश्यक असते.

प्रतिबंधाचे मुख्य साधन तोंडावाटे द्यायची लस. दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात, लक्षणे नसलेल्या नवजात बालकांत या विषाणूचा ‘११६ई’ हा प्रकार आढळला. बालरोगतज्ज्ञ महाराज किशन भान यांच्या पुढाकाराने त्यावर काम झाले आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची ‘रोटाव्हॅक’ लस २०१४ मध्ये परवानाप्राप्त झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘रोटासील’ सुरुवातीला कोरड्या भुकटीच्या रूपात आली. ती उष्णता अधिक सोसते, हा विदर्भाच्या मे महिन्यात लहानसा गुण नव्हे. २०१६ मध्ये चार राज्यांपासून सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये देशभर विस्तारला. नागरी आरोग्य केंद्रांत व अंगणवाडीतील लसीकरण सत्रांत ही लस ६, १० व १४ आठवड्यांना, पोलिओच्या थेंबांसोबत, मोफत मिळते. उशीर झाल्यास पहिली मात्रा वर्षाच्या आत देता येते.

रोटाव्हॅकच्या चाचणीत तीव्र रोटाव्हायरस अतिसारापासून सुमारे ५५ टक्के संरक्षण दिसले. हा आकडा श्रीमंत देशांतील लसींपेक्षा कमी असला, तरी जेथे आजारच इतका व्यापक आहे तेथे टळणाऱ्या गंभीर रुग्णांची संख्या मोठी ठरते. लस घेतलेल्या बाळाला इतर जंतूंमुळे जुलाब होऊ शकतात, हे न सांगितल्यास पालकांचा विश्वास उडतो. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरण्याचा धोका, ज्यामुळे अमेरिकेत १९९९ मध्ये एक जुनी लस मागे घेण्यात आली, आजच्या लसींबाबत अत्यल्प आहे. तरीही लसीनंतर बाळ थांबून थांबून कळवळून रडू लागले, पोट फुगले किंवा शौचात रक्तमिश्रित आव दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.