हाफ-ब्रिज: वरचा मॉसफेट आणि खालचा मॉसफेट

छोट्या मोटरसाठी हाफ-ब्रिज (सप्लाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये एकावर एक जोडलेले दोन मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) जोडायला घेतलेल्या बहुतेकांची तक्रार ठरलेली असते: "खालचा मॉसफेट गार, वरचा भाजतोय." मग माल डुप्लिकेट निघाला असं समजून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दुसरा आणला जातो. तोही भाजतो. माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. दोन्ही जागी एकाच नंबरचा मॉसफेट बसतो म्हणून दोन्हींचं गेट (मॉसफेट चालू-बंद करणारी पिन) एकाच पद्धतीनं चालवायचं, हा समज त्याला जाळतो.

खालचा तुम्हाला पाठ आहे. उरलेल्या दोन पिनांपैकी सोर्स ग्राउंडला, ड्रेन लोडकडे, गेटला व्होल्टेज दिलं की चालू. आर्डुइनो बोर्डाच्या ५ व्होल्टवर आयआरएलझेड ४४ एन चालतो, आयआरएफझेड ४४ एनला १० व्होल्ट द्यावेत. पुढे चला.

वरच्याचा ड्रेन १२ व्होल्टच्या सप्लायला असतो आणि सोर्स मधल्या जोडावर, जिथून मोटरची वायर निघते. हा सोर्स एका जागी राहत नाही, सगळी अडचण इथेच आहे. मॉसफेट किती उघडेल हे गेट आणि सोर्स यांच्यातल्या फरकावर ठरतं, ग्राउंडशी त्याला देणंघेणं नाही. गेटला १२ व्होल्ट दिले की मॉसफेट उघडू लागतो आणि सोर्स वर चढतो. तो ८-९ व्होल्टला पोचला की फरक उरतो ३-४ व्होल्ट, आणि गाडी तिथेच अडते. मोटर २ अँपिअर घेत असेल तर मॉसफेटमध्ये ६ ते ८ वॉटची उष्णता होते. हीटसिंकशिवाय टीओ-२२० (मॉसफेटचं नेहमीचं पॅकेज) एवढं सोसत नाही. गेट थेट आर्डुइनोच्या पिनला असेल तर मोटरला जेमतेम १-२ व्होल्ट मिळतात.

मोजतानाही हाच घोळ होतो. काळा प्रोब ग्राउंडला, लाल गेटला, मीटरवर १२. "गेटला तर बरोबर येतंय!" काळा प्रोब उचलून सोर्सवर ठेवा, ३-४ दिसतील. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप मात्र सोर्सला कधीही लावू नका. ती अर्थिंगला जोडलेली असते, सप्लायचं निगेटिव्हही अर्थ असेल तर थेट शॉर्ट. दोन चॅनेल वापरून वजाबाकी करा.

सोर्स १२ ला गेला की गेट २२-२३ च्या आसपास हवं. हे काम ड्रायव्हर आयसीचं, म्हणजे गेट चालवणाऱ्या चिपचं. माझी पसंती आयआर २१०४ ला: इनपुट एकच, आणि दोन्ही मॉसफेट एकदम चालू होऊ नयेत म्हणून अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आसपासचा डेड टाइम (दोन्ही बंद असण्याची फट) तो स्वतःच ठेवतो. आयआर २११० मध्ये तो आपल्याला द्यावा लागतो.

वरचं जादा व्होल्टेज बूटस्ट्रॅप कपॅसिटर देतो. खालचा मॉसफेट चालू असताना मधला जोड ग्राउंडला येतो, तेवढ्यात कपॅसिटर डायोडमधून भरून घेतो. मग सोर्स वर चढला की बापाच्या खांद्यावरच्या पोरासारखा तोही त्याच्यासोबत वर जातो. म्हणजे खालचा अधूनमधून चालू व्हायलाच हवा. पीडब्ल्यूएम (मॉसफेट झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणं) २५५ वर ठेवलं, म्हणजे वरचा कायम चालू ठेवला, तर कपॅसिटर हळूहळू रिकामा होतो आणि वरचा पुन्हा अर्धवट उघडा राहून तापतो. ९५ टक्क्यांवर थांबा. डायोड यूएफ ४००७ घ्या. हाताशी असतो म्हणून १एन ४००७ लावणं मला अजिबात पटत नाही, २० किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएमला तो फार मंद पडतो. कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, आयसीच्या पिनांना अगदी चिकटून.

"वर पी-चॅनल लावा आणि मोकळे व्हा" हा सल्ला १२ व्होल्टला चालून जातो (पी-चॅनल म्हणजे गेट सोर्सपेक्षा खाली ओढलं की चालू होणारा मॉसफेट; आतापर्यंतचे सगळे एन-चॅनल). पण त्याचा रेझिस्टन्स त्याच आकाराच्या एन-चॅनलपेक्षा जास्त असतो, आणि २४ व्होल्टला गेट थेट ग्राउंडला ओढलं तर २० व्होल्टची मर्यादा ओलांडून ते फुटतं.

गेट रेझिस्टर, फिल्टर कपॅसिटर दोन्हीकडे नेहमीसारखेच. फक्त १० किलोओहमचा पुलडाउन (गेट बंद धरून ठेवणारा रेझिस्टर) वरच्या मॉसफेटला गेट ते सोर्स असा लावा. ग्राउंडला लावलात तर २२ व्होल्टवर त्यातून सुमारे २ मिलिअँपिअर वाहतात, आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दर मिलिसेकंदाला जवळपास २ व्होल्टने उतरतो.