लंडन–पॅरिस : मध्ये एवढीशी खाडी

लंडन ते पॅरिस हवाई अंतर जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. मुंबई–नागपूर याच्या जवळपास दुप्पट भरेल. कॉफीचा कप हातात येतो न येतो तोच तो परत मागायला हवाई सुंदरी उभी. इतक्या जवळच्या शहरांना विमान लागलंच कशाला, याचं उत्तर अंतरात नाही, मधल्या इंग्लिश खाडीत आहे.

विमानाआधी हा प्रवास तीन तुकड्यांत व्हायचा. लंडनहून आगगाडीने डोव्हर किंवा फोकस्टन, तिथून बोटीने कॅले किंवा बुलोन, मग पुन्हा आगगाडीने पॅरिस. दिवस तर जायचाच. आणि खाडी खवळलेली असली तर पोटात होतं-नव्हतं तेही जायचं.

२५ जुलै १९०९ रोजी फ्रेंच वैमानिक लुई ब्लेरिओने कॅलेजवळून विमानाने उडून ही खाडी ओलांडली. वेळ लागला ३७ मिनिटांच्या आसपास. याच किनाऱ्यावरच्या आर्देलो गावी टाटा कुटुंब उन्हाळ्याला येई, आणि ब्लेरिओचं घरही तिथेच. वाळूवर उतरणारी विमानं पाहून वेडा झालेला तिथला एक पोरगा पुढे, १९३२ मध्ये, कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरला. जे. आर. डी. टाटांच्या विमानवेडाचं मूळ असं या खाडीकाठी सापडतं.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा विमानं आणि वैमानिक दोन्ही रिकामे झाले होते. २५ ऑगस्ट १९१९ रोजी ‘एअरक्राफ्ट ट्रान्सपोर्ट अँड ट्रॅव्हल’ कंपनीने लंडन–पॅरिस रोजची सेवा सुरू केली. त्या सकाळी हाउन्स्लो हीथवरून उडालेलं डी हॅविलंड विमान म्हणजे मुळात बाँबफेकी, आत दोन माणसांपुरती जागा केलेली. प्रवासी एकच, तोही बातमीदार. सोबत वर्तमानपत्रं, कातडं, डेव्हनशरची साय आणि शिकार करून मारलेले पक्षी. अडीच तासांत ते पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर पोचलं. उडालं ती जागा आजच्या हीथ्रोपासून हाकेच्या अंतरावर आहे.

धंदा मात्र आतबट्ट्याचा. फ्रेंच सरकार आपल्या कंपन्यांना अनुदान देई, ब्रिटिश सरकार देत नसे. परिणामी फेब्रुवारी १९२१ च्या अखेरीस ब्रिटिश कंपन्यांची एकूण एक सेवा बंद पडली. तेव्हा कुठे लंडनने खिशात हात घातला, आणि पुढे १९२४ मध्ये चार कंपन्या एकत्र करून ‘इंपीरियल एअरवेज’ उभी केली.

पण या मार्गाची खरी देणगी पैशांच्या हिशेबात दिसत नाही. त्या काळी वैमानिक खाली बघून उडत: रस्ता दिसला की त्याच्यावरून, रूळ दिसले की त्यांच्यावरून. जाणाराही तोच रस्ता धरी, येणाराही तोच. ७ एप्रिल १९२२ ला फ्रान्सच्या पिकार्दी भागात, धुरकट हवेत, लंडनच्या तेव्हाच्या क्रॉयडन विमानतळावरून टपाल घेऊन निघालेलं ब्रिटिश विमान आणि पॅरिसहून निघालेलं फ्रेंच फार्मां गोलिआथ समोरासमोर आदळलं. सातही जण गेले. दोन प्रवासी विमानांची हवेतली ही पहिली टक्कर. त्यानंतर क्रॉयडनला कंपन्यांची आणि वैमानिकांची बैठक बसली. ठरलं ते असं: नकाशावर आखलेले मार्ग पाळायचे, उजवी बाजू धरायची, रेडिओ सुधारायचा, वैमानिकाला समोरचं नीट दिसेल अशीच विमानं बांधायची. आज आपल्याला हे सांगायचीही गरज वाटत नाही, पण तेव्हा त्यासाठी सात जीव जावे लागले.

दुसरी देणगी एका शब्दाची. क्रॉयडनचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांना १९२३ च्या सुमारास संकटातल्या वैमानिकासाठी हाक शोधायला सांगितलं गेलं. तारेवर ‘एसओएस’ ठीक. पण खरखरत्या रेडिओवर ‘एस’ नीट ऐकू येत नसे. बरीचशी वाहतूक ल बुर्जेशी असल्यामुळे त्यांनी दोन्हीकडच्यांना कळेल असा शब्द सुचवला, ‘मेडे’. फ्रेंच कानाला तो ‘मेदे’, म्हणजे ‘मला मदत करा’, असा लागतो. १९२७ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

त्याच वर्षी इंपीरियलने ‘सिल्व्हर विंग’ नावाने हवेत जेवण वाढायला सुरुवात केली. अडीच तासांच्या उड्डाणात निवांत जेवायला वेळ होता. मला तर आजच्या घाईपेक्षा तोच प्रवास बरा वाटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हीथ्रो आलं, जेट आलं, हवेतला वेळ तासाच्याही आत गेला. गंमत अशी की विमानतळ शहरापासून दूर सरकत गेले आणि रांगा लांबत गेल्या. हवेत वाचवलेला वेळ जमिनीवर खर्ची पडू लागला. तरीही हा मार्ग जगातल्या सर्वांत गर्दीच्या आंतरराष्ट्रीय मार्गांत गणला जाई, कारण दुसरा पर्याय अजून बोटीचाच होता.

६ मे १९९४ रोजी खाडीखालच्या बोगद्याचं उद्घाटन झालं. लांबी सुमारे ५० किलोमीटर, त्यातले ३८ समुद्राखाली. नोव्हेंबरात बोगद्यातून जाणारी आगगाडी, युरोस्टार, धावू लागली. फ्रान्समध्ये ती सुसाट. इंग्लंडात मात्र जुन्या रुळांवरून रांगत असे. नवा मार्ग २००७ मध्ये लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनापर्यंत पुरा झाल्यावर प्रवास सव्वादोन तासांवर आला, तोही शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत. फ्रेंच पासपोर्ट तपासणीदेखील लंडनच्या स्टेशनातच उरकते. आपल्याकडच्या प्रवाशाला अर्थात ब्रिटनचा आणि फ्रान्ससाठी शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) असे दोन व्हिसा लागतातच, गाडीने जा की विमानाने.

उड्डाणं पुष्कळ घटली, पण बंद झाली नाहीत. फ्रान्सने २०२३ मध्ये अडीच तासांत रेल्वेने होणाऱ्या प्रवासांवरची काही विमानं बंद केली, ती देशांतर्गत, पॅरिसच्या ऑर्लीहून बोर्दो, नांत आणि लियाँकडे जाणारी. लंडन त्या कायद्यात येत नाही. शिवाय हीथ्रो–पॅरिस विमानात बसलेल्यांपैकी अनेकांना मुळात लंडन किंवा पॅरिस गाठायचंच नसतं. कुणी न्यूयॉर्कहून आलेला असतो, कुणाला पुढे मुंबईचं विमान पकडायचं असतं.