तिकिटांवर न भागणारा वाद्यवृंद

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद ऐकून आलेल्या पुणेकराला एक प्रश्न हमखास पडतो: एवढी माणसं पोसायची कशी? 1953 पासूनच्या सवाई गंधर्व महोत्सवावर कान तयार झालेल्यांनी तो विचारणं साहजिक आहे. आपल्या मैफलीत मंचावर चार-सहा कलावंत, आणि बिदागी त्या कार्यक्रमापुरती. सिम्फनीला, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेला, ऐंशी-नव्वद वादक लागतात. पाश्चात्त्य देशांतल्या अनेक मोठ्या वाद्यवृंदांत ते वर्षभर पगारावर असतात.

सुरुवातीला असं नव्हतं. न्यूयॉर्क आणि व्हिएन्नाचे फिलहार्मोनिक वाद्यवृंद, दोन्ही 1842 चे, वादकांनीच उभे केले आणि मिळकत आपसांत वाटून घेतली. बॉस्टनमध्ये 1881 साली हेन्री ली हिगिन्सन या धनिकाने तिथल्या वाद्यवृंदाची तूट स्वतः भरण्याची हमी दिली आणि स्वस्त तिकिटांचा आग्रह धरला. बर्लिनच्या वादकांनी 1882 मध्ये मालकाशी फारकत घेतली. पैशांची ओढाताण थांबेना, तेव्हा 1887 मध्ये हेर्मान वोल्फ या संगीत-एजंटने कारभार हाती घेऊन हान्स फॉन ब्यूलोला संचालक, म्हणजे वादनाचं नेतृत्व करणारा कंडक्टर, म्हणून आणलं. संचालकाच्या नावावर सभागृह भरतं, हे प्रसिद्धीतलं मोठं सूत्र तिथे दिसतं.

खरं वळण 1966 चं. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी त्या वर्षी दुखण्याचं मूळ सांगितलं. कारखान्यात यंत्रं येतात, तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो आणि पगार वाढतात. बेथोवनच्या सिम्फनीला मात्र तेवढेच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. पगार बाहेरच्या जगाबरोबर वाढवावेच लागतात. म्हणजे तूट ही ढिसाळ कारभाराची खूण असेलच असं नाही. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, कारण कलासंस्थांना हिशेब विचारणारे नेमका तोच विसरतात.

त्याच वर्षी फोर्ड फाउंडेशन या देणगीसंस्थेने अमेरिकेतल्या 61 वाद्यवृंदांना 8 कोटी डॉलरहून अधिक रक्कम जाहीर केली. मूळ रक्कम राखून उत्पन्न वापरायचं असा स्थायी निधी उभारायचा, त्यासाठी स्वतःही देणग्या जमवायच्या, ही त्यामागची अट. देणगीदार सांभाळणं हे तिथून पूर्णवेळ काम होत गेलं. शिकागोचे प्रसिद्धीतज्ज्ञ डॅनी न्यूमन गावोगावच्या संस्थांना सांगत फिरले की एकेका तिकिटामागे धावू नका, अख्ख्या मोसमाचे वर्गणीदार मिळवा. सवाईचं सीझन तिकीट काढणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अमेरिकेत मात्र पुढे वर्गणीदार आटले, आणि एप्रिल 2011 मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासारख्या नामांकित संस्थेने दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज केला. बर्लिन फिलहार्मोनिकने 2008 पासून मैफली इंटरनेटवर वर्गणी घेऊन दाखवायला सुरुवात केली होती.

आपल्याकडचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 चा, एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव यांनी उभारलेला. निवासी वादकांचा गट लहान; फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या मोसमांत परदेशी वादक येऊन संख्या पुरी करतात.