खळखळाट वाढला म्हणून पाणी जास्त तापत नाही

‘उकळी आल्यावरही आच मोठीच ठेवा, पाणी आणखी तापेल आणि आतलं लवकर शिजेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटणं साहजिकच आहे. खळखळाट डोळ्यांना दिसतो, तापमान दिसत नाही.

समुद्रसपाटीला उघड्या भांड्यातलं पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळतं. तोवर दिलेली उष्णता तापमान वाढवते. पुढची सगळी उष्णता रेणूंना एकमेकांपासून सोडवून त्यांची वाफ करण्यात खर्ची पडते. हीच सुप्त उष्णता, आणि ती थोडीथोडकी नसते. एक किलो पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २,२५७. त्यामुळे आच वाढवली की पाणी भराभर आटतं, तापमान मात्र जिथल्या तिथे.

पडताळा सोपा आहे. प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा तापमापक घ्या (ताप मोजायचा नको, तो फुटेल) आणि तळाला न टेकवता उकळत्या पाण्यात धरा. उकळी मोडणार नाही इतपत आच कमी-जास्त करा. बुडबुडे बदलतील, आकडा जवळपास तोच राहील. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणून तो १०० च्या खालीच अडेल. प्रेशर कुकरमध्ये उलट: दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि शिजायचा वेळ खरोखर घटतो.

उकळी येईपर्यंत मात्र मोठी आच कामाचीच.