ठाणे खाडीचा वास कुठून येतो?

ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावर गाडीची काच खाली केली की सडक्या अंड्यांचा वास आत येतो आणि कुणीतरी लगेच म्हणतं, 'गटार सोडलंय.' ते अर्धंच खरं आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले ते १९६०च्या दशकात. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३चा. या चिखलातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निघतोय तो मात्र इथे पहिली तिवरं रुजली तेव्हापासून. सांडपाण्याने त्याला जोर चढला, इतकंच.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजनचं संयुग, विरघळलेलं असतं. खाडीचा गाळ इतका बारीक, की त्यात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. त्याखाली राहणारे जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून श्वास घेतात. तिवरांची कुजलेली पानं, मेलेलं शेवाळ, शहराचा मैला, जे मिळेल ते पचवतात आणि सल्फेटचं सल्फाइड करून सोडतात. त्यातलं बरंचसं गाळातलं लोह जागच्या जागी धरून ठेवतं. निवट्या पकडायला खाजणात उतरलेल्यांचे पाय गुडघ्यापर्यंत काळे होतात, तो काळा रंग याच लोह सल्फाइडचा. लोहाच्या तावडीतून सुटेल तेवढाच वायू आपल्या नाकापर्यंत येतो. डेन्मार्कच्या बो बार्कर यॉर्गेनसेन यांनी १९८२ मध्ये हिशेब मांडला, की किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर जेवढा सेंद्रिय माल कुजतो त्यातला जवळजवळ निम्मा हे सल्फेट-श्वासी जिवाणू निकालात काढतात. म्हणजे वास थांबावा म्हणून हे जिवाणू नाहीसे झाले, तर खाडीत पडणारा बराचसा पाला न कुजता साचत जाईल.

हे कोडं उलट्या बाजूने सुटत गेलं. सल्फाइड तयार कोण करतं ते कळण्याआधी ते खातं कोण, ते कळलं. १८८७ मध्ये स्ट्रासबर्गमध्ये काम करणाऱ्या सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने बेगियाटोआ नावाचे पांढऱ्या धाग्यांसारखे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. गंधकाच्या झऱ्यांत ते नेहमी दिसायचे. सल्फाइड दिलं की धाग्यांत गंधकाचे चकचकीत कण साठत. सल्फाइड देणं थांबवलं की कण नाहीसे होत आणि पाण्यात सल्फेट वाढे. एखादा जीव खनिजावर जगतो, सूर्याच्या नाही तर रसायनाच्या ऊर्जेवर, ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. सल्फाइड करणारा जिवाणू पुढे १८९५ मध्ये मार्टिनस बायरिंक या डच शास्त्रज्ञाला सापडला, तोही नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये, म्हणजे कालव्यांच्या गावात.

आपल्याकडे त्याच सुमारास, १८८२ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातल्या सुमारे ३०० उष्ण झऱ्यांची यादी छापली होती. भिवंडी तालुक्यातली वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची कुंडं ठाणेकरांना सांगायला नकोत. कोकणातल्या उन्हाळ्यांचा, म्हणजे उष्ण झऱ्यांचा, पट्टा उत्तरेला कोकनेरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत जातो, सुमारे ३५० किलोमीटर. गंमत अशी, की कुंडात गंधक आहे असं मानून माणसं श्रद्धेने डुबकी मारतात आणि खाडीत तोच गंधक आला की नाक दाबतात! प्रत्यक्षात विश्लेषणात कुंडाच्या पाण्यात भरपूर असतात ते सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड. ज्वालामुखीचाही संबंध नाही. इथला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि वर येतं. असल्या ऊन पाण्यात काय जगू शकतं याची कल्पना मात्र १९६०च्या दशकात बदलली. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांना अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये ७० अंशांच्या आसपास आरामात वाढणारे जिवाणू मिळाले, आणि पुढे १९७२ मध्ये त्यांच्या गटाने तापलेल्या आम्लात राहून गंधकावर जगणाऱ्या सल्फोलोबसचं वर्णन केलं. १९७७ मध्ये गालापागोसजवळच्या खोल समुद्रात ऊन पाण्याच्या झऱ्यांभोवती अख्खी वस्तीच दिसली, सल्फाइडवर पोसलेली. आपल्या शास्त्रज्ञांनी हिंद महासागरात साडेचार हजार मीटर खोलवरच्या अशाच एका झऱ्याची छायाचित्रं २०२४च्या डिसेंबरात घेतली.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. खाडीकाठी मिठागरं आहेतच. समुद्राचं पाणी आटून साधारण चौथ्या हिश्शावर आलं की आधी जिप्सम खाली बसतं, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मीठ धरायला पाणी दहाव्या हिश्शापर्यंत आटावं लागतं. जगभरच्या मिठागरांत या जिप्समच्या थरात रंगांचे पट्टे मिळतात. वर हिरवे सायनोबॅक्टेरिया, त्याखाली सल्फाइड वापरून प्रकाशसंश्लेषण करणारे जांभळे जिवाणू, तळाला काळा सल्फाइडचा थर.

तिवरांनीही अलीकडे चकित केलं. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर तिवरांच्या बुडालेल्या पानांवर थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जिवाणू मिळाला. २०२२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. लांबी सुमारे एक सेंटिमीटर. जिवाणू नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि तोही सल्फाइडवर जगतो.

खाडीवर निरुपद्रवी असलेली हीच रसायनं गटाराच्या बंद नळात गेली की जीवघेणी होतात. तिथे सल्फाइडचा वायू छताच्या ओलाव्यात विरघळतो, दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि काँक्रीट खाल्लं जातं. यामागे जिवाणू आहेत, हे १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियात पार्कर यांनी दाखवलं. खाडीकाठच्या शहरांत खारं पाणी नळांत झिरपतं तिथे सल्फेटचा पुरवठाही वाढतो. काँक्रीट बदलता येतं. माणसांचं तसं नाही. हवेच्या दहा लाख भागांत एका भागाहून कमी असला तरी हा वायू नाकाला कळतो. शंभर भागांच्या पुढे गेला की तो वास घेण्याची शक्तीच मारतो. मॅनहोलचं झाकण उघडून 'आता वास नाही' म्हणत आत उतरलेल्या कामगाराला म्हणूनच अंदाज येत नाही. संरक्षक साधनांशिवाय कुणाला गटारात उतरवायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. झाकण उघडल्यावर हवा खेळू द्यायची आणि मीटरवर सल्फाइड व ऑक्सिजन मोजायचा, तोही माणूस आत असेपर्यंत सतत.